कोलोरॅडोच्या डोंगरात पहिल्यांदाच म्यूल डिअरच्या शिकारीला जातोय, काय लक्षात ठेवू?

पायपीट कमी, दुर्बीण जास्त. उजाडण्याआधी उंच जागी बसा, दुर्बीण ट्रायपॉडवर लावा आणि समोरचा उतार थोडा थोडा करून नीट बघा. अख्खं हरीण क्वचितच दिसतं. झुडपाच्या सावलीत हललेला कान नाहीतर शिंगाचं टोक तेवढं दिसतं. नर बसला की त्या जागेच्या खाणाखुणा पक्क्या करूनच निघा. खरा घात वारा करतो, तुमचा वास हरणापर्यंत नेतो: पहाटे थंड हवा दरीकडे उतरते, ऊन तापलं की वर चढते. म्हणून सकाळ सरल्यावर वरच्या बाजूने जवळ जा. टॅगच्या (शिकारीच्या परवान्याच्या) सोडतीचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच भरावा लागतो, तो चुकवू नका. रायफलच्या हंगामात भडक नारिंगी किंवा गुलाबी जाकीट-टोपी सक्तीची. आणि मांस पाठीवरून खाली आणता येईल एवढंच लांब जा. खाण्याजोगं मांस तिथे टाकून येणं गुन्हा आहे.