जर्मनीला यायचंय? आधी खारघरचं बघ

तू विचारलंयस, रत्नागिरीत मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झाली, कॅन्सर करणाऱ्या विषाणूंवर काम करायचंय, तर पीएचडीला थेट जर्मनीला यावं का? मी गुहागरची, जर्मनीत हायडेलबर्गला हेच काम करते. ये, पण आधी वर्ष-दोन वर्षं खारघरला टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये, नाहीतर पुण्यात कुठल्या तरी प्रोजेक्टवर काढ.

एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा पॅपिलोमा विषाणू, साध्या डिशमधल्या पेशींत धड वाढत नाही. त्याला कातडीसारखे थर लागतात. ते तयार व्हायला दोनेक आठवडे जातात आणि मध्येच बुरशी लागली की सगळं फेकायचं. एवढी चिकाटी आपल्यात आहे का, हे कोकण रेल्वेने घरी पोचता येतं तोवर कळलेलं बरं. शिवाय इथले प्राध्यापक मार्कांपेक्षा आधीच्या गाइडचं पत्र बारकाईने वाचतात.

घरचे म्हणतील, लस आली, आता काय उरलं? लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही. ई-6 आणि ई-7 ही विषाणूची प्रथिनं पेशीतले पी-53 आणि आरबी हे कॅन्सर रोखणारे राखणदार निकामी करतात, आणि तिथे अजून बरंच काम बाकी आहे. हे क्षेत्र संथ आहे. इथल्याच हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी 1970च्या दशकात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पॅपिलोमा विषाणूकडे बोट दाखवलं, तेव्हा बहुतेकांचा संशय हर्पिस या दुसऱ्या विषाणूवर होता. एचपीव्ही-16 हाती लागला 1983 मध्ये, लस आली 2006 मध्ये, नोबेल 2008 मध्ये.

पैशांचं म्हणशील तर पीएचडीला बहुधा नोकरीचा करार मिळतो, अनेकदा इथल्या सरकारी वेतनश्रेणीतल्या ई-13 च्या 65 टक्के पगारावर. एकटीचं भागतं. म्हणून बाग गहाण टाकून एजंटाला पैसे देऊ नकोस, प्राध्यापकांना थेट लिही. सुट्टी साधारण 30 दिवस, म्हणजे गणपतीला येता येतं. फक्त तेवढे दिवस तुझ्या पेशी सांभाळणारं कोणी हवं.

खरी मेख पुढे आहे. पीएचडीनंतर विद्यापीठांत मुदतीच्या करारांवर साधारण 6 वर्षंच राहता येतं, वैद्यकशास्त्रात 9. प्रोजेक्टच्या पैशावर ते ताणता येतं, पण कायमच्या जागा मोजक्याच. म्हणून मुलाखतीत बिनधास्त विचार, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत पीएचडी संपवून सुटले आणि आता कुठे आहेत. उत्तर टाळलं तर दुसरी लॅब बघ.

आणि लॅबमध्ये माणसाचे नमुने हाताळावे लागतील, तेव्हा हेपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर आत्ताच सुरू कर, तीन डोसना सहा महिने जातात.