वाचक विचारतात : रक्तगट, मामेबहीण आणि बेळगाव बासमती

या महिन्याच्या टपालात खानापूरपासून अथणीपर्यंतची पत्रं आली आहेत. कुणी मुलाच्या रक्तगटाबद्दल विचारतं, कुणी लग्नाबद्दल, कुणी भाताच्या वासाबद्दल. विषय वेगळे दिसले तरी मुळात प्रश्न एकच आहे : आई-वडिलांत जे दिसत नाही, ते मुलांत कुठून येतं?

प्रश्न (खानापूर तालुका) : यजमानांचा रक्तगट एबी पॉझिटिव्ह, माझा बी पॉझिटिव्ह. मुलाच्या कॉलेजात रक्तदान शिबिर झालं, तिथे त्याच्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह लिहून आलं. एका नातलगाने सांगितलं की एबी बापाला ओ मूल होतच नाही. तेव्हापासून घरात कुणी धड बोलत नाही. आमचं लग्न नात्यातलं आहे, मी त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. हे कसं होऊ शकतं?

उत्तर : ताई, कार्डावरच्या एका अक्षरावरून कुणाच्याही चारित्र्याचा निवाडा होत नाही, हे आधी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

नातलगांनी सांगितलेला नियम पुस्तकात आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एबी गटाच्या वडिलांकडे एक प्रत ए ची आणि एक बी ची, म्हणजे मुलाला ते या दोनांपैकी एक देणारच. मग मूल ओ कसं? पण या नियमाला अपवाद आहेत, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा अपवाद आपल्याच मुलखात सापडलेला आहे.

शिबिरात काय करतात ते बघा. काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेतात, एकात अँटी-ए आणि दुसऱ्यात अँटी-बी ही ए आणि बी ओळखणारी द्रावणं घालून काडीने ढवळतात. थेंबात वाळूसारखे दाणे धरले की तो गट आहे. दोन्ही थेंब गुळगुळीत राहिले की ओ लिहितात. यातून एवढंच कळतं की तांबड्या पेशींवर ए नाही आणि बी नाही. का नाही, ते या पट्टीवर कळत नाही.

ए आणि बी पेशीवर थेट बसत नाहीत. त्यांना खाली एच नावाचा पाया लागतो. हा पाया घालणारं जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे, ए-बी ठरवणारं ९ व्या गुणसूत्रावर. ज्याच्याकडे पायाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी, त्याच्याकडे ए किंवा बी चं जनुक असूनही ते दिसत नाही. पायाच नाही तर भिंत कुठे उभी राहणार? याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो प्रथम नोंदवला. भारतात साधारण दहा हजारांत एक असं त्याचं प्रमाण सांगतात.

तुमचं लग्न नात्यातलं आहे, म्हणून ही शक्यता आधी तपासायला हवी. तुमच्या सामाईक आजी-आजोबांपैकी एकाकडे निकामी एच ची एक प्रत असली, तर ती एका वाटेने यजमानांपर्यंत आणि दुसऱ्या वाटेने तुमच्यापर्यंत आली असेल. तुम्हा दोघांकडे दुसरी प्रत चांगली, म्हणून दोघांचे गट नीट दिसतात. मुलाला दोन्हीकडून निकामीच प्रत मिळण्याची शक्यता प्रत्येक वेळी चारात एक.

आता करायचं काय? तिघांचंही रक्त नव्याने काढून रक्तपेढीत द्या, कारण कार्डावरची लेखनिकाची चूक हेही सर्रास आढळणारं कारण आहे. तिथे नळीच्या पद्धतीने दोन्ही बाजूंची तपासणी मागा : पेशींची आणि सीरमची, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या रक्तातल्या द्रवाची. सीरमच्या तपासणीत ए, बी आणि ओ अशा तिन्ही पेशी वापरायला सांगा. साध्या ओ माणसाच्या सीरममध्ये ओ पेशी शांत राहतात. बॉम्बे गटाच्या सीरममध्ये त्याही गोळा होतात, कारण त्यात एच वर हल्ला करणारं अँटी-एच असतं. शेवटची खूण अँटी-एच लेक्टिनची, म्हणजे एच ला चिकटणाऱ्या द्रावणाची. साधा ओ त्यात घट्ट गोळा होतो, बॉम्बे अजिबात होत नाही. हा निकाल साधा ओ असा आला तरी घाई करू नका. ए आणि बी दोन्ही एकाच गुणसूत्रावर जोडून येण्याचा, याहूनही विरळ प्रकार आहे. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत जनुक तपासावं लागतं.

बॉम्बे ठरला तर घरातला वाद मिटेल, पण खरं काम तिथून सुरू होतं. या मुलाला ओ रक्त चालत नाही. तुमचंही नाही, वडिलांचंही नाही. चुकून दिलं तर त्याच्या रक्तातलं अँटी-एच त्या पेशी फोडतं, आणि ते जिवावर बेततं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त हवं. म्हणून त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करा, कारण चारात एक या हिशेबाने तिथेच दाता सापडण्याची सर्वांत जास्त आशा. जुनं कार्ड फाडून टाका, नव्यावर ‘बॉम्बे (ओएच)’ असं ठळक लिहून घ्या आणि विरळ दात्यांच्या यादीत नाव द्या. ठरवून शस्त्रक्रिया करायची असेल तर त्याचंच रक्त आधी काढून ठेवता येतं. पिशवीतल्या द्रावणानुसार ते ३५ ते ४२ दिवस टिकतं.

आणखी एक गोष्ट सुनेला पुढे सांगून ठेवा. मुलाला वडिलांकडून मिळालेलं ए किंवा बी त्याच्यात झाकलेलं आहे, नाहीसं झालेलं नाही. उद्या त्याला ए किंवा बी गटाचं मूल झालं, तर पुन्हा हीच कुजबुज नको.

प्रश्न (अथणी) : मुलाचं लग्न त्याच्या सख्ख्या मामाच्या मुलीशी ठरतंय. आडनाव वेगळं, कूळ वेगळं, देवक वेगळं. घरातले म्हणतात, चुलत घरात लग्न वाईट, मामाकडे चालतं. खरंच फरक पडतो का? तपासण्या कोणत्या कराव्यात?

उत्तर : रूढीत फरक आहे, जनुकांत नाही. सख्खं चुलत, मामे, मावस, आते, कोणतंही भावंड घ्या, दोघांत सरासरी एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात. आडनाव बापाकडून येतं, जनुकं दोन्हीकडून. अशा जोडप्याच्या मुलात कोणत्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १६ त १ असते. मामा-भाचीच्या लग्नात ती दुप्पट, म्हणजे ८ त १.

व्यवहारात याचा अर्थ असा. नात्यात नसलेल्या जोडप्यांत शंभरातल्या दोन-तीन बाळांना जन्मजात गंभीर दोष असतो. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण दुप्पट होतं. म्हणजे बहुतेक मुलं धडधाकट जन्मतात, म्हणूनच ‘आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, काही झालं नाही’ असं म्हणणारे प्रत्येक गावात भेटतात. आणि त्याच गावात एखाद्या घरात दोन मुकबधिर भावंडंही असतात. लग्न करा किंवा करू नका, हे आम्ही सांगणार नाही. पण हळदीआधी तपासण्या व्हाव्यात असा आमचा आग्रह आहे.

पहिली तपासणी कागदावरची, बिनखर्चाची. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा आणि तीन पिढ्यांचा तक्ता काढा : पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. लहानपणी गेलेली मुलं, जन्मापासून न ऐकू येणारे, वारंवार रक्त भरावं लागलेले, वाढ खुंटलेले असे सगळे त्यात आले पाहिजेत. लाजेपोटी नेमकी हीच नावं गाळली जातात. एकच आजार दोन्ही बाजूंना दिसला तर तो तक्ता घेऊन जनुकीय सल्लागाराकडे जा.

दुसरी तपासणी थॅलेसेमियाची, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराची. आधी साधी रक्ततपासणी. पेशींचा आकार (एमसीव्ही) ८० च्या खाली आणि पेशीतलं हिमोग्लोबिन (एमसीएच) २७ च्या खाली असेल तर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी करतात. त्यात हिमोग्लोबिन ए-२ साडेतीन टक्क्यांच्या वर आलं की माणूस थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक. वाहक आजारी नसतो. मात्र नात्यात लग्न ठरलंय, तेव्हा पेशींचा आकार बरा दिसला तरी एचपीएलसी टाळू नका. इथे एक चूक नेहमी होते : अंगात लोह कमी असेल तर ए-२ खोटंच कमी दिसतं आणि वाहक सुटतो. म्हणून लोहाची पातळीही बघा, आणि कमी असेल तर गोळ्यांचा कोर्स संपल्यावर पुन्हा तपासा.

दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे खुद्द आजाराची शक्यता चारात एक. पहिलं मूल बाधित झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो; दर वेळी डाव नव्याने मांडला जातो. अशा जोडप्याने दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगायचं, कारण वारेचा नमुना ११ ते १३ आठवड्यांत घेतात. ती वेळ चुकली तर १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासतात. बाळ झाल्यावर पहिल्या महिन्यात कानांची ओएई चाचणी करा, त्यात कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते कळतं. जन्मजात बहिरेपणाचं एक मोठं कारण असलेलं कनेक्सिन-२६ हे जनुक असंच दोन्हीकडून दडून येतं, आणि बहिरेपण लवकर कळलं तर मूल बोलू शकतं.

प्रश्न (येळ्ळूर) : आमच्याकडे वडिलांपासून बेळगाव बासमती आहे, बी घरचंच. पूर्वी भात शिजला की गल्लीत कळायचं. आता वास उतरलाय. बी बदलावं की हेच सुधारता येईल?

उत्तर : टाकू नका! आधी दोष कुठला ते ओळखा. घरच्या भाताचे पन्नास दाणे सोला आणि एकेक दाणा चावून बघा, मध्ये पाण्याने चूळ भरा. सगळेच दाणे फिके लागले तर दोष बहुधा बियाण्यात नाही. वासाचा पदार्थ, २-ॲसिटिल-१-पायरोलिन, उडून जाणारा आहे. दाणा भरताना उष्णता जास्त झाली, कापणीनंतर भात कडक उन्हात पडलं, किंवा तांदूळ सडून (कोंडा काढून) महिनोन्‌महिने ठेवला की तो जातो. पण काही दाणे घमघमीत आणि काही अगदी बिनवासाचे लागले, तर भेसळ आहे.

भेसळ दोन प्रकारची. भात स्वतःच्याच परागाने फळतं, दुसऱ्याचा पराग बसण्याचं प्रमाण साधारण एक टक्क्याच्याही आत. म्हणून पहिला संशय खळ्यावर घ्या : मळणी यंत्रात अडकलेले इंद्रायणी वाणाचे दाणे, पेरणीच्या कुरीच्या नळ्यातले दाणे, गेल्या वर्षी शेतात सांडून आपोआप उगवलेलं भात, जुनी पोती. धूळवाफ (पावसाआधी कोरड्यात केलेल्या) पेरणीत हे उगवलेलं भात ओळखूच येत नाही.

दुसरी भेसळ परागाची, ती हळू चालते आणि जास्त फसवते. बासमती आणि बहुतेक सुवासिक वाणांत वास येतो तो एक जनुक निकामी झाल्यामुळे. ते ८ व्या गुणसूत्रावर आहे, त्यातली ८ अक्षरं गळालेली आहेत. वास येण्यासाठी दोन्ही प्रती निकामी लागतात. शेजारच्या बिनवासाच्या भाताचा पराग तुमच्या एखाद्या फुलावर बसला, तर त्या दाण्यापासून पुढच्या वर्षी येणाऱ्या रोपाच्या पानाला वास नसतो. त्याच्या लोंबीवर मात्र चारातले तीन दाणे बिनवासाचे आणि एक वासाचा, असे शेजारी शेजारी बसलेले असतात. हे सगळं एकत्र मळलं की दरवर्षी घोळ वाढतो.

यातच तुमच्या सोयीची गोष्ट आहे. ज्या रोपाला वास आहे, त्याच्याकडे दुसरं काही लपलेलं असूच शकत नाही. वासापुरतं ते शुद्धच. म्हणून असं करा. निसवण झाल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यावर, शेतात फिरून उंची, पान, कुसळ वेगळं दिसणारी रोपं मुळासकट उपटा. उरलेल्यांतून वाणाला शोभतील अशा शंभर लोंब्या निवडा, बांधालगतच्या नकोत. प्रत्येक लोंबी वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा आणि तिचे पाच-सहा दाणे चावून बघा. एकही बिनवासाचा निघाला तर ती लोंबी खाण्यात घाला. राहिलेल्या लोंब्यांची पुढच्या हंगामात एका लोंबीची एक ओळ लावा. ओळीत एक रोप जरी उंच-बुटकं निघालं तरी अख्खी ओळ काढा, कारण वास शुद्ध असला तरी बाकीचे गुण अजून फुटत असतात. शेजारच्या भातापासून निदान तीन मीटर अंतर सोडा. चांगल्या ओळी एकत्र करून हाताने झोडपा, यंत्रात घालू नका, आणि सावलीत वाळवून ओलावा १३ टक्क्यांवर आणा.

कृषी महाविद्यालयाची प्रयोगशाळा जवळ असेल तर पानावरही परीक्षा होते : दोन ग्रॅम पान बारीक चिरून १० मिलि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १.७ टक्के द्रावणात झाकून ठेवतात आणि दहा मिनिटांनी हुंगतात. हे द्रावण कातडी भाजतं, घरी करू नका.

प्रश्न (चिकोडी) : बारा वर्षं उसाच्या ८६०३२ जातीचं घरचंच बेणं लावतो. टनेज घसरलं. जात उतरली म्हणायची का?

उत्तर : नाही. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून ही जात आली, पण तुम्ही लावता ती कांडी, बी नव्हे. कांडीत आई-बापाची सरमिसळ होत नाही. प्रत्येक डोळा म्हणजे त्याच उसाची नक्कल. उतरतं ते बेण्याचं आरोग्य. गवताळ वाढ, खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) खुजा राहणं, हे रोग कांडीतून पुढच्या लावणीत जातात आणि साठत राहतात. ५४ अंशांवर चार तास बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया केलेलं मूलभूत बेणं आणा, त्याचा वेगळा मळा करा, ९-१० महिन्यांचंच बेणं वापरा, खोडव्याचं कधीच नाही. दर तीन-चार वर्षांनी पुन्हा नवं आणा.

प्रश्न (हुक्केरी) : मक्यावरची लष्करी अळी औषधाला सरावली आहे. मात्रा वाढवावी का?

उत्तर : एकेक अळी सरावत नाही. २०१८ साली ही अळी भारतात प्रथम कर्नाटकातच सापडली. एक मादी हजाराच्या वर अंडी घालते आणि उन्हाळी हवेत महिन्याभरात पिढी पालटते. त्या हजारांत एखादीकडे औषध पचवणारं जनुक आधीपासूनच असतं. बाकीच्या मेल्या की पुढची पिढी तिचीच.

शिफारशीपेक्षा मात्रा वाढवू नका, आणि अर्धीही मारू नका. अर्ध्या मात्रेचं नुकसान लोकांच्या लक्षात येत नाही. औषध पचवणाऱ्या जनुकाची एकच प्रत असलेली अळी बऱ्याचदा पूर्ण मात्रेत मरते, अर्ध्या मात्रेत जगते, आणि ती प्रत पुढे नेते. रोपं लहान असताना शंभरात पाचच्या आसपास बाधित दिसली तर आधी पाच टक्के निंबोळी अर्क मारा. पुढे गरज पडली तर १५ लिटरच्या पंपाला इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी ६ ग्रॅम. महिन्याने नवी पिढी आली की तेच नको, औषधाचा गट बदला : क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससी, पंपाला ६ मिलि. नोझल खाली करून धार पोंग्यातच, म्हणजे मधल्या न उलगडलेल्या पानांच्या सुरळीतच सोडा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. अळी स्वतःच्या विष्ठेच्या भुश्श्याच्या बुचाखाली बसलेली असते, पानावरून वाहून गेलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही.