स्टेज टू ऑक्टाव्हिया घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तू पाठवलेली जाहिरात आणि फोटो नीट पाहिले. २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस २३०, पासिंग कर्नाटकचं, गाडी पुण्यात उभी. स्टेज टू रिमॅप (पार्ट बदलून त्यांना जुळेल अशी इंजिनच्या संगणकाची फाइल नव्याने लिहून ताकद वाढवणं), डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा), कॉइलओव्हर (गाडीची उंची बदलता येणारं सस्पेन्शन), ‘तीनशे प्लस बीएचपी’. गाडी देखणी आहे आणि तुझा जीव तिच्यात का अडकला ते मला कळतं. म्हणूनच ‘घेऊ नको’ असं एका ओळीत लिहून मोकळा होत नाही.

आधी मूळ गाडी लक्षात घे. शोरूममधून निघाली तेव्हाच हिच्यात दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर टॉर्क आणि सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, होता. शून्य ते शंभर ६.८ सेकंदांत, आणि सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. लायसन्स हातात पडून जेमतेम दोन वर्षं झालेल्या माणसाला एवढी गाडी पुरून उरते. त्यावर आणखी सत्तर-ऐंशी घोडे चढवले की दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं. पावसाळ्यात ताम्हिणीत झाडांखालचा रस्ता ओला आणि पानांनी भरलेला असतो. तिथे ही ओढ काय करते ते नव्या हाताला आधी कळत नाही, कळतं तेव्हा वळण आलेलं असतं.

पण माझी खरी काळजी वेगाची नाही. कंपनीतून आली तशी गाडी असली की तिचं वागणं ताडून पाहायला मॅन्युअल असतं, सर्व्हिस सेंटर असतं, तशाच इतर गाड्या रस्त्यावर असतात. गिअर पडताना झटका बसतो, हे ठीक की बिघाड? कुणालाही विचार, उत्तर मिळतं. या गाडीबाबत ते उत्तर जगात दोनच माणसांकडे आहे : ज्याने बदल केले तो मालक आणि ज्याने ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, फाइल लिहिली तो ट्यूनर. तू त्यांचे सगळे निर्णय विकत घेणार आहेस, चांगले आणि वाईट दोन्ही. म्हणून गाडीच्या आधी मालकाला पारखून घे.

रिमॅप कुणाकडून केला, पावती आहे का, डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) ग्राफ आहे का, ते विचार. फाइल किती ऑक्टेनच्या पेट्रोलवर लिहिलीय, हा प्रश्न तर विसरूच नको. ९७ किंवा १०० ऑक्टेनसाठी लिहिलेली गाडी घेऊन तू कोकणात गेलास आणि वाटेतल्या पंपावर साधं पेट्रोल भरलंस, तर चढावर इंजिन नॉक करू लागेल, म्हणजे कमी ऑक्टेनचं पेट्रोल दाबाखाली आपोआप भडकून आतून खडखड येईल. ईसीयू ठिणगी जरा उशिरा टाकून काही प्रमाणात सांभाळून घेईल, पण रोज त्याच्या भरवशावर चालवायची गाडी नव्हे. या प्रश्नाला मालकाने क्षणात उत्तर दिलं तर माणूस जाणकार आहे असं समज. ‘काही होत नाही, काहीही भरा’ म्हणाला, तर चहा घे आणि निघ.

दुसरं, मूळ पार्ट कुठे आहेत? जुना डाउनपाइप कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग), मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप, एअरबॉक्स, हे सगळं खोक्यात बांधून ठेवलेलं असेल तर मी या गाडीकडे वेगळ्या नजरेने पाहीन. ते विकून टाकले असतील तर गाडी पूर्ववत करायचा खर्च किमतीत धर, आणि तो थोडाथोडका नसतो.

कारण कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. बदल तुझे नसले तरी रस्त्यात अडवल्यावर उत्तरं तुलाच द्यावी लागतील. त्यातून गाडी परराज्यातली. तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, इथे कर भरायचा, आणि नव्या नोंदणीसाठी गाडी तपासणीला उभी करायची. त्या तपासणीला ही गाडी आहे तशी नेणार आहेस का? विम्याचंही तेच. पॉलिसीत न नोंदवलेले बदल सापडले की दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

आता गाडी बघण्याविषयी. स्कॅनर लावल्यावर नुसते एरर कोड पाहू नको, रेडिनेस मॉनिटर पाहा, म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का ते. कोड कालच पुसले असतील तर ‘एकही फॉल्ट नाही’ असं दिसतं, पण मॉनिटर अपूर्ण राहतात, कारण गाडी पुरेशी चालल्याशिवाय त्या चाचण्या पूर्ण होत नाहीत. सगळेच पूर्ण दिसले तरी एक खोच आहे : डाउनपाइप बदललेल्या गाडीत कन्व्हर्टरचा फॉल्ट फाइलमध्येच दाबून टाकलेला असू शकतो. तेव्हा तिथे स्क्रीनवर विश्वास ठेवू नको, गाडी लिफ्टवर चढवून डोळ्यांनी पाहा.

लिफ्टवर असतानाच पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर तळहात फिरव. बाहेरून नक्षी छान दिसते आणि आतली कड गुळगुळीत लागते, असं झालं तर गाडी खाली बसवल्यावर अलाइनमेंट कुणी धड केलेलं नाही. टायरवरच्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाच, ‘३२१८’ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. चेंबरखाली खरवडल्याच्या खुणा, लोअर आर्मचे बुश, ड्राइव्हशाफ्टच्या बुटांतून उडालेलं ग्रीस, सगळं टॉर्च मारून बघ. या इंजिनांचं वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं हाउसिंग गळतं, तिथे वाळलेल्या कूलंटचे डाग शोध. डीएसजीचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. त्याची पावती हवी, तोंडी खात्री नको.

हे सगळं पार पडलं तरी माझं मत सांगून ठेवतो. तुझ्या बजेटमध्ये कुणी हात न लावलेली, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्डची पोलो जीटी टीएसआय येते आणि पैसे उरतात. त्यातून चांगले टायर, नवं ब्रेक फ्लुइड, कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवरचे काही दिवस आणि जमलं तर कोइमतूरच्या करी स्पीडवेवर एखादा ट्रॅक डे होईल. गाडी कुठे सुटते आणि कशी सावरायची हे एकदा हाताला कळलं की आरएस पुढेही मिळेल. मला वाटतं तू हे करावंस. पण गाडी तुझी, पैसे तुझे. तू तीच घ्यायची ठरवलीस म्हणून मी रुसणार नाही.

बघायला जायचंच असेल तर शनिवारी सकाळी लवकर जाऊ. मालकाला आदल्या संध्याकाळीच बजावून ठेव की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. मला इंजिन थंड असताना पहिल्या सेल्फचा आवाज ऐकायचाय. स्कॅनर मी आणतो. जवळपास लिफ्ट असलेलं गॅरेज तू ठरवून ठेव, आणि टोकनचे पैसे तोवर कुणालाही पाठवू नको.

तुझा,
काका