न्यू जर्सीतली हडसन काउंटी राहायला कशी आहे?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याचं ऑफिस मॅनहॅटनमधे आहे, तर घर नदीपलीकडच्या हडसन काउंटीत बघावं की न्यू जर्सीतच पण लांब असलेल्या एडिसनला, आणि सासू-सासरे सहा महिने राहायला येणार आहेत. ते सासू-सासऱ्यांचं वाचलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर नुसती माहिती कुठेही मिळेल.

ती माहिती पटकन सांगून टाकतो. हडसन ही न्यू जर्सीतली सगळ्यात छोटी काउंटी, जमीन जेमतेम १२० चौरस किलोमीटर, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं ७,२४,८५४, म्हणजे राज्यात सगळ्यात दाट वस्ती इथेच. एकूण बारा गावं. जर्सी सिटी सगळ्यात मोठं, मग होबोकन, बेयॉन, युनियन सिटी, वीहॉकन वगैरे, गटेनबर्ग तर सगळं मिळून अर्ध्या चौरस किलोमीटरचं. पाथ ट्रेन १९०८ पासून नदीच्या खालून मॅनहॅटनला जाते आणि रात्रभर चालू असते, शिवाय लाइट रेल म्हणजे ट्रामसारखी गाडी आहे, बस आहेत, फेरी आहे. गाडी नसली तरी काही अडत नाही.

पण घर घेताना खरी गोष्ट बघायची ती जमिनीचा चढउतार, आणि ती कुठलाही ब्रोकर सांगत नाही. पूर्वेला हडसन नदी, मधे पॅलिसेड्सचा उभा कातळ, त्याच्यावर जर्सी सिटीचा हाइट्स भाग, युनियन सिटी, जर्नल स्क्वेअर, आणि मागे हॅकेन्सॅक नदीची दलदल. होबोकनचा नदीकडचा भाग त्यातल्या त्यात उंच आणि कातळाकडचा पश्चिमेचा भाग बशीसारखा खोल. आम्ही २०१२ मधे नेमके त्या बशीत राहायला गेलो, तळमजल्यावर, भाडं परवडलं म्हणून.

त्याच वर्षी अप्पा आले, माझे वडील. आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठचं. अप्पा रोज सकाळी चालत नदीवरच्या पिअर ए या धक्क्यावर जायचे आणि तासभर पाणी बघत बसायचे. आठवडाभराने जेवताना म्हणाले, "अरे ही नदी कसली, ही खाडी आहे. सकाळी पाणी वर जात होतं, आत्ता खाली चाललंय." मी हसलो नाही पण लक्षही दिलं नाही. नंतर वाचलं, खरंच हडसनला समुद्राची भरती-ओहोटी पार ट्रॉयपर्यंत, म्हणजे जवळजवळ २४० किलोमीटर आत जाणवते, आणि तिथल्या मूळ लोकांनी नदीला दिलेल्या नावाचा अर्थच दोन्हीकडे वाहणारं पाणी असा सांगतात. अप्पांना ते एका आठवड्यात पिअरच्या खांबांवरची शेवाळाची रेघ बघून कळलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी सँडी वादळ यायचं होतं. २९ तारीख, सोमवार, त्या दिवशी कोजागिरी होती, बायकोने मसाला दुधासाठी केशर-चारोळ्या आणून ठेवलेल्या. अप्पांनी कॅलेंडर बघितलं आणि म्हणाले, "पुनवेचं उधाण आणि वरून वादळ, इथे एक मिनिट थांबायचं नाही." गावाने रविवारीच तळमजले रिकामे करायला सांगितलं होतं, पण मी म्हणत होतो वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जाऊ, सामानावर लक्ष राहील. अप्पांनी ऐकलंच नाही. चिपळूणचे पूर बघितलेला माणूस, वरून पाऊस आणि खालून भरती आली की काय होतं ते त्यांना मी काय सांगणार. रविवारी दुपारी आम्ही पासपोर्ट, औषधं, मुलीचे कपडे आणि दुधाचं सामान घेऊन लाइट रेलच्या नाइन्थ स्ट्रीट स्टेशनच्या लिफ्टने वर हाइट्समधे मित्राकडे गेलो. ती लिफ्ट म्हणजे कातळाच्या पायथ्यापासून थेट माथ्यावर, कधी गेलात तर बघाच.

सोमवारी रात्री पाणी दक्षिणेकडून रेल्वे टर्मिनलच्या बाजूने आणि उत्तरेकडून वीहॉकनच्या बाजूने आत शिरलं आणि आमच्या बशीत येऊन थांबलं. मित्राकडची वीज गेली होती, गॅस होता, मेणबत्तीत दूध आटवलं, चंद्र ढगाआडच. माथ्यावरून खाली बघितलं तर अख्खं होबोकन काळं. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि त्यात गटाराचं आणि तेलाचं सगळं मिसळलेलं. पाणी दोन-तीन दिवस उतरलं नाही, नॅशनल गार्डचे ट्रक लोकांना काढायला आले. होबोकनचं पाथ स्टेशन १९ डिसेंबरपर्यंत बंद होतं. घरमालकाने डिपॉझिट देताना तीन महिने रडवलं, मला तेव्हा माहीत नव्हतं म्हणून गप्प बसलो. तुम्ही लक्षात ठेवा, न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही आणि पुरामुळे घर सोडावं लागलं तर ते पाच कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा कायदा आहे. आणि २०२४ पासून जागा पूरक्षेत्रात आहे का हे घरमालकाने भाडेकरूला सांगणं बंधनकारक आहे. लेखी मागा.

तेव्हापासून माझा मोठा भाऊ, तो एडिसनला, म्हणतोय की अप्पांचे हाल केलेस, तेव्हाच इकडे यायला हवं होतं. आम्ही गेलो नाही, कातळावर जर्नल स्क्वेअरला घर घेतलं. अप्पा नंतर दोनदा आले आणि मी डोळ्यांनी बघितलंय ते सांगतो. दादाकडे मोठं घर, अंगण, सगळं होतं, पण दादा-वहिनी ऑफिसला गेले की अप्पा खिडकीत, बाहेर पडायला गाडी पाहिजे, तिकडच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत जाणं फक्त रविवारी. आमच्याकडे सकाळी पिशवी घेऊन एकटे न्यूअर्क अव्हेन्यूच्या भारतीय बाजारात जायचे, कोथिंबीर, दुधी, ताजं दूध, गुजराती दुकानदाराशी हिंदीत गप्पा, दुपारी लायब्ररी. नवरात्रात त्याच रस्त्यावर गरबा. आणि ती गल्ली फुकट मिळालेली नाही, १९८७ मधे याच भागात भारतीयांना हाकलून लावू अशी पत्रं छापून आली होती, मारहाणी झाल्या, होबोकनमधे एक भारतीय माणूस मारला गेला. ते लोक हलले नाहीत म्हणून अप्पांना भाजी मिळाली. अप्पा २०१९ मधे गेले. त्यांचे हाल झाले नाहीत दादा, हे वाचत असशील तर.

तर माझं मत सरळ आहे, म्हातारी माणसं येणार असतील तर हडसन, आणि हडसनमधे कातळावर. सगळ्यांना पटेल असं नाही. भाडी डोळे पांढरे करणारी आहेत, पार्किंगसाठी रोज रात्री फेऱ्या, हिवाळ्यात चढावर बर्फ झाला की म्हाताऱ्यांना चार-पाच दिवस घरातच बसावं लागतं. सरकारी शाळा गावागणिक वेगळ्या, मुलगी आठवी-नववीत असेल तर एडिसनच्या शाळांसमोर विचार करावा लागेल, हे दादाचं म्हणणं मला मान्य आहे. होबोकननेही नंतर बरंच काम केलंय, २०२३ मधे पावसाचं पाणी साठवणारं मोठं पार्क उघडलं, त्यामुळे वरच्या मजल्यावर असाल तर तिथेही चालेल. टॅक्सचं विचाराल तर न्यूयॉर्क राज्याचा टॅक्स भरावा लागतो पण न्यूयॉर्क शहराचा लागत नाही, बाकी सीएला विचारा.

आणि खालच्या भागात घर आवडलंच तर ब्रोकर म्हणेल त्या वेळी जाऊ नका. पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपास, पाऊस चालू असताना, भरतीच्या वेळी जा आणि कोपऱ्यावरच्या गटाराच्या जाळीपाशी दोन मिनिटं उभ्या राहा. पाणी खाली जातंय की वर येतंय ते बघा.