मॉरिशसला वन्यजीवांच्या अभ्याससहलीला जायचंय, नागपुरातून निघण्याआधी काय तयारी करू?

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, कॉलेजचा सोळा जणांचा गट दिवाळीच्या सुटीत आठ दिवस मॉरिशसला जाणार आहे, आणि घरातून परदेशी जाणारे तुम्ही पहिलेच. कपडे, पैसे, वाचन यातलं आधी काय हाती घ्यायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मी नागपुरात प्राणिशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी चौदा मुलांना घेऊन याच बेटावर गेले होते. तेव्हा जे उमगलं ते सांगते.

आधी बूट बघा.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही सराव म्हणून गोरेवाड्याला पायी फिरून आलो. परतल्यावर विभागात जमिनीवर पांढरे कागद अंथरले, प्रत्येकाला चिमटा आणि भिंग दिलं, आणि सांगितलं की बूट, मोजे, पॅन्टची शिवण, सॅकचे कोपरे, सगळं यावर झटका. एका मुलाच्या डाव्या बुटाच्या वेल्क्रोतून अकरा कुसळं निघाली. तळव्याच्या खाचांतल्या वाळक्या चिखलात गाजरगवताचं बी होतं, तिळापेक्षाही बारीक, काळं. दुसरीच्या सॅकच्या तळाशी तीन वर्षं जुनी वाळूच वाळू, आणि त्यात कसल्या कसल्या बिया. तिला त्या कुठून आल्या ते आठवेनाही. हेच बूट, हीच सॅक आम्ही बेटावर नेणार होतो.

गाजरगवत आपल्याला काय नवीन आहे? ते आपल्या देशातलं नाही. १९५०च्या दशकात पुण्याजवळ दिसलं आणि आज विदर्भातला एक बांध त्याच्यावाचून राहिलेला नाही. पेंचला जाताना रस्त्याकडेला माजलेली घाणेरी बघा, तीही अशीच बाहेरून आलेली. आपली जंगलं मोठी आहेत, मागेपुढे सरकायला जागा आहे, तरी ही गत. बेटाला मागे सरकायला जागाच नसते.

मॉरिशसवर माणूस येण्याआधी वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. पाखरांना घरट्याची राखण करावी लागत नव्हती. डोडो हा खरं तर कबुतरांच्याच कुळातला, उडणं विसरलेला पक्षी. त्याचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक आपल्या निकोबार बेटांवरचं कबूतर. १५९८ साली डच खलाशी उतरले. त्यांच्या आणि इतरांच्या जहाजांतून उंदीर, डुकरं, माकडं आली, अंडी खाल्ली गेली, जंगल तुटलं, आणि सतरावं शतक संपायच्या आत डोडो संपला. बंदूक घेऊन मारलं म्हणून डोडो गेला, असं मुलं परीक्षेत लिहितात. माणसाच्या हातापेक्षा माणसाच्या सामानानं जास्त नुकसान केलं. आज तिथे चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल दोन टक्केही उरलेलं नाही. उरलेल्यात बाहेरून आणलेला एक लाल फळांचा बुटका पेरू इतका दाट माजलाय की मूळ झाडांच्या रोपांना ऊन मिळत नाही.

म्हणून पादत्राणं ब्रशनं घासून, गरम साबणाच्या पाण्यानं धुऊन, कडक उन्हात वाळवूनच बॅगेत भरा. शक्य असेल तर त्या सहलीपुरता नवा, साध्या तळव्याचा जोड घ्या. सॅक उलटी करून झटका. तंबूचं, मासे पकडण्याचं काही सामान असेल तर तेही तपासा.

हाच नियम खाण्याला. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईनं मोठ्या प्रेमानं अंबिया बहाराची डझनभर संत्री दिली होती, नागपूरची म्हणून तिथल्या लोकांना द्यायला. मी बॅगा तपासल्या, पण ती पिशवी तिच्या कोटाखाली राहून गेली. विमानतळावर अधिकाऱ्यानं ती शांतपणे बाजूला काढली आणि नष्ट करायला पाठवली. पोरगी रडवेली झाली. मी तिला एवढंच विचारलं, एका संत्र्यात फळमाशीच्या अळ्या किती मावतात? संत्र्याच्या गावातली मुलगी, तिला उत्तर माहीत होतं. ताजी फळं, भाज्या, बिया, तुळशीची मंजिरी, माती लागलेलं काहीही नेऊ नका. चिवडा, शंकरपाळे, तळलेलं-भाजलेलं न्या, पण प्रवेशाच्या फॉर्मवर खाण्याच्या वस्तू लपवू नका, विचारलं की दाखवा. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१६ पासून बंदी आहे. कापडी पिशव्या शिवून न्या.

आता पक्ष्यांचं. तुम्ही उतराल आणि पहिल्या तासाभरात काय दिसेल सांगू? साळुंकी. चिमणी. बुलबुल. हिरवा पोपट. मुलं हिरमुसतात, एवढं दूर येऊन हेच? पण अभ्यास इथेच सुरू होतो. साळुंकी टोळांचा नायनाट करायला म्हणून अठराव्या शतकात भारतातून नेली. उंदीर मारायला आपलं मुंगूस नेलं, ते मूळ पाखरांच्या मागे लागलं. तुरेवाला शिपाई बुलबुल १८९२ साली तिथे पोचला आणि बाहेरच्या झाडांची फळं खाऊन त्यांच्या बिया जंगलभर पेरतोय. आपल्याकडे ही सगळी आपापल्या जागी शोभतात. तिथे तीच पाखरं दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी वाटतात.

पोपटाचं उदाहरण तर तुमच्या तयारीचाच भाग करा. मॉरिशसचा स्वतःचा एक पोपट आहे, इको पॅराकीट. १९८०च्या दशकात तो जेमतेम डझनभर उरला होता. आता शेकड्यांत आहे. आपला साधा पोपटही पिंजऱ्यांतून सुटून तिथे रानात वाढलाय, आणि दोघं झाडाच्या ढोलीसाठी भांडतात. लांबून दोन्ही हिरवेच. फरक असा की तिथला जरा भरदार, गडद हिरवा, शेपूट आखूड, आणि मादीची वरची चोच काळी. आपल्याकडे नर-मादी दोघांची चोच लाल. हा फरक तिथे जाऊन दहा सेकंदांत पकडायचा असेल तर आपला पोपट झोपेतही ओळखता आला पाहिजे. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या झाडांवर किंवा महाराजबागेत संध्याकाळी त्यांचे थवे येतात. दीड महिना, आठवड्यातून दोनदा, एका झाडाखाली चाळीस मिनिटं बसायचं. मोबाइल खिशात. वहीत वेळ, किती पोपट, कुठल्या ढोलीत डोकावले, कोणी कोणाला हाकललं, एवढंच लिहायचं. ‘सुंदर’, ‘मस्त’ असले शब्द वहीत नकोत.

आमच्या गटातला एक मुलगा पहिल्या दिवशी दहा मिनिटांत उठला, म्हणाला मॅडम, काही होतच नाहीये. चौथ्या आठवड्यात त्याच्याच वहीत एक नोंद होती: ‘५.४२, मादी ढोलीच्या तोंडाशी, आत खारीची शेपटी दिसली, मादी सात मिनिटं बाहेरच.’ या मुलानं मॉरिशसला ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या जंगलात काळ्या चोचीची मादी सगळ्यांच्या आधी दाखवली. दुर्बिणीचंही तसंच. नवी दुर्बीण विमानात बसून उघडू नका. फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला बदकं बघत हात बसवा. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची असते, आणि ते चार दिवसांत येत नाही.

वाचायला फार नको, पण एक गोष्ट पक्की माहीत असू द्या, ती तिथल्या खरुचीची, म्हणजे केस्ट्रेल या लहान शिकारी पक्ष्याची. १९७४ साली रानात फक्त चार खरुची उरल्या होत्या. डी.डी.टी.ची फवारणी, तुटलेलं जंगल, माकडं, सगळ्यांनी मिळून ही पाळी आणली होती. कार्ल जोन्स हा तरुण जीवशास्त्रज्ञ १९७९ मध्ये तिथे गेला. त्यानं घरट्यातली पहिली अंडी काढून उबवण यंत्रात ठेवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. पिलं वाढवली, रानात सोडली, त्यांना जादा खाणं पुरवलं. गुलाबी कबूतर १९९०च्या सुमारास रानात दहाच्या आसपास होतं, तेही याच चिकाटीनं वाचलं. बेटावर पाखराच्या पायात रंगीत कडी दिसली तर ‘पाळीव आहे का’ असं विचारू नका. त्या कड्यांच्या रंगांवरून एकेक पक्षी ओळखतात, त्याचे आईबाप कोण ते सांगतात.

तुमच्या कार्यक्रमात इल ओ एग्रेत असेल. नसेल तर सरांना सांगून घालून घ्या. विमानतळाच्या बाजूलाच, किनाऱ्यापासून किलोमीटरभराच्या आतच, सव्वीस हेक्टरचं लहानसं प्रवाळाचं बेट आहे. तिथून उंदीर काढले, बाहेरची झाडं उपटली, मूळची लावली. तिथे आबनुसाची झाडं आहेत. मी मुलांना पान हातात न घेता, जवळ जाऊन बघायला सांगितलं. गडचिरोलीची एक मुलगी होती, उन्हाळ्यात घरचे सगळे तेंदूपत्ता, म्हणजे टेंभुर्णीची पानं, तोडायला जातात. ती पटकन म्हणाली, ‘मॅडम, हे तर आपल्या टेंभुर्णीच्या घरातलं वाटते.’ बरोबर होतं, दोन्ही एकाच प्रजातीगटातली, डायोस्पायरॉस. मग तिनंच पुढचं सांगितलं, की आमच्याकडे टेंभुर्णीची फळं अस्वल खातं आणि त्याच्या विष्ठेतून बिया जंगलभर जातात. आणि नेमकं तेव्हाच समोरून ते महाकाय कासव आलं. बेटाची स्वतःची कासवं माणसांनी खाऊन संपवली, म्हणून आबनुसाच्या बिया झाडाखालीच पडून राहायच्या. मग सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाहून आलेल्या जातीची कासवं इथे सोडली. ती फळं खातात, आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं. आपल्या अस्वलाचं काम तिथे कासव करतं. हे त्या मुलीला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. तुमच्या गटात खेड्यातून आलेली मुलं असतील तर त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून मागे बसवू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

प्रकल्पाला विषय हवा असेल तर वटवाघळांचा घ्या. तिथलं मोठं फळखाऊ वटवाघूळ मूळ जंगलाच्या बिया पसरवतं, पण लिची आणि आंब्याच्या बागांवरही येतं. बागाइतदारांच्या तक्रारीवरून सरकारनं २०१५ मध्ये ती मोठ्या संख्येनं मारली, आणि त्यावरून फार वाद झाला. रानडुकरांनी एका रात्रीत तुरीचं शेत लोळवलेलं ज्यानं पाहिलंय, त्याला या वादाच्या दोन्ही बाजू समजतील.

बाकीचं थोडक्यात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालणारा हवा. पर्यटनासाठी भारतीयांना मॉरिशसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचे कागद आणि खर्चाची सोय दाखवावी लागते. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का हे स्वतः बघा. आमच्या एकीच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा होता, एजंटनं तिकिटावर नाव उलटसुलट टाकलं, आणि निघायच्या दोन दिवस आधी धावपळ करून, पैसे भरून ते दुरुस्त करावं लागलं. अठराच्या आतलं कोणी असेल तर आईवडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र. रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. तिथले नियम औषधांच्या बाबतीत कडक आहेत. सहलीचा विमा काढाच. पैशांचं म्हणाल तर गटाचा एक सामायिक निधी एका जबाबदार मुलाकडे ठेवा आणि रोज रात्री हिशोब सगळ्यांसमोर मांडा. त्यानं निम्मी भांडणं टळतात.

कपडे सुती, फिके, लांब बाह्यांचे. पण एक जाड स्वेटर आणि पावसाचं जॅकेट हवंच. आपण पंचेचाळीस डिग्रीतली माणसं, तिथल्या डोंगरावरच्या भुरभुर पावसात कुडकुडतो. समुद्र बहुतेकांनी पाहिलेला नसतो, म्हणून पोहता येत नसेल तर तसं आधीच लिहून द्या, लाजू नका. पाण्यात उतरताना पायात काहीतरी असू द्या, आणि प्रवाळावर कधीही उभं राहू नका. ते दगडासारखं दिसतं, पण जिवंत असतं.

आणि हो, मराठी बोला. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबं आहेत, तिथल्या शाळांत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थी घराघरांत होते. माहेबुर्गच्या बाजारात एका आजींनी आम्हाला ‘कुठले तुमी?’ म्हणून विचारलं तेव्हा चौदाही जण थबकले. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात आले होते. पुढचा अर्धा तास आम्ही वह्या मिटून नुसते त्यांच्याजवळ बसलो.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही मुक्कामाच्या मागच्या नळावर पुन्हा एकदा सगळे बूट धुतले. परतल्यावर दुसऱ्याच रविवारी आम्हाला पेंचला जायचं होतं.