तीस सप्टेंबरचा पट

माजलगाव,
दसऱ्याला चार दिवस.

प्रिय लेकरा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी रानात होतो. वारं सुटलेलं, त्यामुळं अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. मुद्दा मात्र कळला. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात यू-डायस प्लसचं, म्हणजे शाळा आणि लेकरांची माहिती सरकारला भरून देण्याचं, टेबल तुझ्याकडे आलंय, रात्री नऊपर्यंत मुख्याध्यापकांचे फोन घेतेस, आणि 'सर, हे आकडे पुढं कुणी वाचतं तरी का?' असं तू विचारलंस. मी नुसतं 'हो, हो' म्हणालो. ते काही उत्तर झालं नाही.

वाचतात, लेकरा. पुस्तकं किती छापून पाठवायची, गणवेशाला किती पैसे लागतील, समग्र शिक्षा या सरकारी शाळा-योजनेच्या वार्षिक आराखड्यात कुठल्या शाळेची खोली बसवायची, हे सगळं तू भरतेस त्याच रकान्यांतून वर जातं. आणि संचमान्यता, म्हणजे कुठल्या शाळेला किती गुरुजी, तीही पटावरच, म्हणजे शाळेत नाव असलेल्या लेकरांच्या संख्येवरच. आकड्याला इतकं वजन आहे की त्या वजनानंच तो वाकायला लागतो. मी स्वतः एकदा वाकवलाय, म्हणून सांगतो.

शिक्षण हक्क कायदा २०१० च्या एप्रिलमध्ये लागू झाला. साठ लेकरांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टाव्याला तिसरा, असा त्यातला हिशोब. त्याच्या पुढच्या वर्षी मी एका तांड्यावर मुख्याध्यापक होतो. शिक्षक तीन, पट ६४. खरा पट ५७. सात लेकरं आईबापांबरोबर पुण्याकडं गेली होती, वीटभट्टीवर, आणि ती परत येणार नव्हती हे अख्ख्या तांड्याला माहीत होतं. मी नावं काढली नाहीत. तिसऱ्या बाई नव्या होत्या, पहिली-दुसरी त्यांच्या हातात नुकती लागली होती. नावं काढली की बाई अतिरिक्त ठरणार आणि समायोजनात, म्हणजे जागा असलेल्या दुसऱ्या शाळेवर पाठवताना, कुठं जातील कुणास ठाऊक. एक खोटा आकडा आणि एक खरी शिक्षिका, असा माझ्या मनातला सौदा होता.

मग २०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखेला, राज्यभर पटपडताळणी झाली. त्याआधी नांदेडात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशींनी ती करून दाखवली होती. एकाच वेळी सगळ्या शाळांत पथकं आणि मोजलेल्या लेकराच्या बोटाला शाई, म्हणजे तेच पोरगं दुपारी दुसऱ्या शाळेत उभं करता येऊ नये. राज्यात वीस लाखांच्या घरात विद्यार्थी नुसते कागदावर निघाले. त्यात माझेही सात होते. नोटीस आली, बाई गेल्या. माझी चूकच होती, त्याबद्दल तक्रार नाही.

पुढचं ऐक. त्या साली दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटाला होती. दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. मुकादमाची उचल, म्हणजे ऊस तोडायचे आगाऊ पैसे, घेतलेल्या घरांतली ३१ लेकरं कोयत्याबरोबर कारखान्याला गेली. शाळेत उरली २६. बोटाला शाई लागलेली, खरी, पडताळलेली ३१ लेकरं मार्चपर्यंत फडात होती आणि एकाही पथकानं मला त्यांच्याबद्दल विचारलं नाही. विचारणार कसं? पट तीस सप्टेंबरचा. त्या दिवशी ती वर्गातच होती.

डायसच्या, म्हणजे यू-डायसच्या आधीच्या माहिती पद्धतीच्या, काळापासून ३० सप्टेंबर ही पट मोजायची तारीख. ती ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं जूनमध्ये प्रवेश संपून बसलेली शाळा असावी. त्यात वावगं काही नाही. पण बीडचं वर्ष जूनला चालू होऊन एप्रिलला संपत नाही, दसऱ्याला मोडतं. आमचा पट सगळ्यांत भरलेला असतो त्याच आठवड्यात मोजून घेतात. सात खोट्या नावांसाठी नोटीस आणि एकतीस रिकाम्या पाटांसाठी रकानाच नाही, हे मला निवृत्तीनंतरही पचलेलं नाही.

(गंमत बघ, ही पद्धत सुरू झाली तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत आपल्याकडचेच होते. १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला आणि त्याच्यासाठी डायस. महाराष्ट्रात पहिल्या फेरीत औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर, उस्मानाबाद हेच जिल्हे होते. बीड-जालना मागून आले. तेव्हा छापील फॉर्म असायचे, पेन्सिलीनं भरायचे आणि साहेब बघून गेले की वरून शाई.)

तू म्हणालीस की आता एकेका लेकराची नोंद आहे, त्यामुळं तशी फसवणूक होत नाही. बरोबर. २०२१-२२ पर्यंत शाळा फक्त वर्गवार बेरीज द्यायची, आता प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, कायमचा शिक्षण क्रमांक. देशाचा पट २०२१-२२ ला साडेसव्वीस कोटी होता, २०२३-२४ ला पावणेपंचवीस कोटींच्या आसपास आला. मंत्रालयच म्हणतं की पद्धत बदलली, दोन्ही सरळ तोलू नका. तरी जिल्ह्याच्या बैठकीत कुणीतरी तोलणारच. ती घट कशाची? जिल्हा परिषदेत एक नाव आणि इंग्लिश स्कूलमध्ये तेच नाव, अशी दुहेरी नावं गळाली असतील, तर चांगलंच. त्यात खरोखर शाळा सुटलेलं लेकरू किती, हे बेरजेवरून कळत नाही. तुला मात्र तुझ्या तालुक्यापुरतं कळू शकतं, कारण नावं तुझ्यापुढं आहेत. तुझ्या खुर्चीचा खरा उपयोग हाच आहे. एका शाळेतून नाव निघालं पण दुसऱ्या शाळेत अजून चढलं नाही, अशी लेकरं पोर्टलवर ज्या यादीत पडून राहतात तो ड्रॉपबॉक्स. दिल्लीत बसलेल्याला त्यात आकडा दिसतो. तुला ड्रॉपबॉक्समध्ये पोरगी दिसते, आणि तिच्या शाळेचा फोन नंबर तुझ्याजवळ आहे.

ड्रॉपबॉक्स रिकामा करा असा तगादा वरून येईल. मुख्याध्यापक म्हणतील, 'मॅडम, कुठल्या तरी शाळेत दाखवून टाका.' तसं करू नकोस. लेकरू सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणून राहू दे.

आता बारीकसारीक.

शाळेचा अकरा आकडी कोड पाठ करू नको, वाचायला शीक. पहिले दोन राज्याचे, मग दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे, दोन शाळेचे. राज्य २७ आणि योगायोगानं बीडही २७, म्हणून आपले कोड २७२७ नं सुरू होतात आणि नवीन माणूस दोन आकडे चुकून दोनदा पडले समजून खोडतो. मी एकाला खोडताना पाहिलंय.

जन्मतारखांनी तुला छळायला सुरुवात केलीच असेल. निम्म्या मराठवाड्याचा वाढदिवस एक जूनला असतो. बाप लेकराला घेऊन यायचा, 'पोराला शाळंत घाला', कधी जन्मला तर 'पोळ्याच्या आदल्या दिवशी, लई पाऊस होता त्या साली'. गुरुजी मग शाळा सुरू होताना सहा वर्षं पुरी व्हावीत अशा बेतानं एक जून टाकायचे. मीही टाकल्या, पन्नासेक तरी. त्या बापाच्या आधारावर तीच तारीख चढली, आणि आता नातवाच्या आधारावर एक तारीख, जनरल रजिस्टरला दुसरी, जन्मदाखल्यावर तिसरी. आधार वैध झाला नाही तर संचमान्यतेत लेकरू धरत नाहीत, म्हणून मुख्याध्यापक घाईनं रजिस्टर बदलायला बघतात. रजिस्टरला हात लावायला लावू नकोस. आधी दाखला बघ, मग आधार दुरुस्त करायला पाठव. वेळ लागेल, लागू दे.

रजिस्टरबद्दल एवढा हट्ट का, तर २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम चालू झालं तेव्हा कुणबी नोंदी शोधायला आपल्याकडच्या शाळांची जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरं कपाटांतून निघाली. निजामाच्या काळातली, काही मोडीत, काही उर्दूत. वाचणारी माणसं हुडकून आणावी लागली. ज्या मास्तरानं ती जात पोटापाण्यापुरता पगार घेत एका ओळीत टिपली, त्याला काय ठाऊक की पाऊणशे वर्षांनी माणसं त्या ओळीसाठी रांगा लावतील.

'निरंक', म्हणजे एकही नाही, या शब्दावर सगळ्यांत जास्त संशय घे. शाळाबाह्य मुलं निरंक, दिव्यांग मुलं निरंक, स्थलांतरित निरंक. ऊसतोडीच्या तालुक्यातली शाळा स्थलांतरित निरंक लिहिते, तेव्हा ती मोजलेली नसते, गेल्या वर्षीचीच ओळ पुन्हा उतरलेली असते. तसंच शौचालयाचं. 'आहे' आणि 'वापरात आहे' हे वेगळे रकाने आहेत. किल्ली कुणाकडं असते एवढं विचार. उत्तर द्यायला वेळ लागला की समजून घे.

आणि केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधारचे फोटो फिरत असतील तर आजच बंद कर. लेकराच्या आधारचा फोटो शंभर शिक्षकांच्या फोनमध्ये असायचं कारण नाही. अपार आयडीला, म्हणजे विद्यार्थ्याच्या आधारला जोडलेल्या शैक्षणिक ओळख क्रमांकाला, पालकाची संमती लागते. ती खरंच घेतलेली असावी, वर्गशिक्षकानं एका बैठकीत चाळीस अंगठे उठवलेली नको.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची यादी तुझ्याकडं मागतील. समूह शाळेचा, म्हणजे अशा छोट्या शाळा एकत्र करून एकच मोठी करण्याचा, विचार २०२३ पासून चालू आहे, कधी थंड, कधी गरम. यादी दे, ती लपवायची गोष्ट नाही. पण शाळा ते पुढची शाळा अंतर लिहिताना मध्ये नदी, ओढा, हायवे काय आहे ते शेरा म्हणून टाक. शेऱ्याला रकाना नसेल तर सोबत पत्र जोड. जावक क्रमांक घालून. साधं पत्र फायलीत टिकतं, फोनवर बोललेलं टिकत नाही.

एक वही घाल. माझ्याकडं केंद्रप्रमुख असताना होती, शंभर पानी, अजून आहे. डाव्या पानावर शाळेचा तीस सप्टेंबरचा पट, उजव्या पानावर संक्रांतीच्या आठवड्यात प्रत्यक्ष बसलेली लेकरं, त्यांतली हंगामी वसतिगृहाच्या (आईबाप तोडीला गेल्यावर लेकरांची गावातच सोय) आधारानं आजीजवळ राहिलेली किती, शिक्षण हमी कार्ड (जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं) घेऊन गेलेली किती, आणि काहीच न घेता गेलेली किती. उजवं पान कुणी मागितलेलं नाही आणि मागणारही नाही कदाचित. पण वसतिगृहांची मंजुरी उशिरा येते, टोळ्या आधी निघतात, आणि कुठं आधी भांडायचं ते मला त्या पानावरून कळायचं. तीन वर्षांची पानं शेजारी ठेवून मी एकदा मंजुरी पंधरा दिवस अलीकडं ओढली. एकदाच. मोठं काही केलं असं सांगत नाही.

दिवाळीला गावी येशील तेव्हा इकडं ये, वही दाखवतो. घरी हिनं भाकरी आणि ठेचा करायचं कबूल केलंय.

समोरच्या घरी कालच मुकादम येऊन गेला. उचल घेतलीय, सोमवारी गाडी लागणार. त्यांची तिसरीतली पोर आजीकडं राहते की धाकट्या भावाला सांभाळायला बरोबर जाते, यावरून सकाळपासून बोलाचाली चालू आहे. तिचं नाव तुझ्याच तालुक्याच्या पटावर आहे. मुख्याध्यापकांना मी बोललोय, तूही एक फोन कर.

तुझे,
सर