जुन्या गाड्यांचे कागद: फाइलीच्या नावात आधी कागदाचा नंबर, मग तारीख

राम राम भाऊ. अमळनेरच्या गॅरेजमधली वडिलांची बिलं, पार्ट्सचे कॅटलॉग, आरसी बुकं आणि फोटो मिळून चौदाशे स्कॅन झालेत, सगळे 'स्कॅन १', 'स्कॅन २' असे. आता गाडीच्या नंबरावरून नावं द्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे, देऊ नका. मी तसं केलं होतं आणि अख्खा संग्रह दुसऱ्यांदा नावं घालत बसलो.

गाडीचा नंबर बदलतो. एमएच-१९, एमएच-१८ ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधीचे नंबर वेगळ्या धाटणीचे, आणि गाडी परराज्यात गेली की तिथे तिला नवा नंबर पडायचा. मग एकाच गाडीचे कागद दोन ठिकाणी विखुरतात. मॉडेलचंही तेच. कुर्ल्याला बनलेली गाडी आधी फियाट ११००, मग डिलाईट, प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. आपल्याकडचे मिस्तरी मात्र बिलावर सरसकट 'फियाट' लिहायचे. गावाचं बघा: जुन्या कागदांवर जळगाव जिल्हा शोधाल तर 'पूर्व खान्देश' सापडेल, आणि १९९८ पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं.

म्हणून प्रत्येक कागदाला आधी स्वतःचा नंबर द्या. मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने ०४१७ लिहा आणि फाइलचं नाव त्यानेच सुरू करा. पुढे तारीख, मग प्रकार, शेवटी गाडी:

०४१७_१९६७-०८-०५_बिल_फियाट_अ

बिलावर ५/८/६७ असतं, पण फाइलीत वर्ष पुढे, मग महिना, मग दिवस. तिरपी रेघ विंडोज घेतच नाही. महिना-दिवस कळत नसेल तर १९६७-००-००. वर्षही नसेल तर चारही शून्यं, अंदाज नको. नंबर पहिल्यापासून चार आकडी ठेवा, नाहीतर बऱ्याच प्रोग्राममध्ये १ नंतर थेट १० येतो. 'अ' म्हणजे पुढची बाजू, 'ब' म्हणजे मागची.

इथे देवनागरीत दाखवलं, पण फाइलीवर अक्षरं रोमन आणि आकडे इंग्रजी (0417 असे) टाका, सगळी लहान लिपीत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता. आपलं 'ऱ' अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी साठवता येतं. दिसायला सारखं, पण शोधताना एक सापडतं आणि दुसरं नाही. मराठी तपशील एक्सेलच्या नोंदवहीत घाला. जुना नंबर, नवा नंबर, चॅसी नंबर, मालक, गाव, सगळं तिथे, हवं तितकं मोठं.

अंदाज नको का म्हणतो, ते सांगतो. माझ्याकडे लग्नाचा एक फोटो आहे, अँबेसिडरच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा. घरच्यांनी १९६० सांगितलं, मी नावात १९६० घातलं आणि तीन जणांना फाइल पाठवली. पुढे मोठ्या स्क्रीनवर बघताना माळेच्या फटीतून गाडीची समोरची जाळी दिसली, बारीक चौकड्यांची. ती अँबेसिडरच्या मार्क टू या पुढच्या मॉडेलची जाळी, आणि १९६० साली मार्क टू बाजारातच नव्हती. मी नाव बदललं, पण त्या तिघांकडे चुकीचंच राहिलं. घरच्यांचं सांगणं फेकायचं नाही, नोंदवहीत 'घरच्यांच्या मते १९६०' असं ठेवायचं.

मूळ टिफ स्कॅन आणि व्हॉट्सअॅपला पाठवायची छोटी जेपीजी, दोन्हींचं नाव एकच, फोल्डर वेगळे. 'फायनल', 'नवीन फायनल' हे शब्द नावात कधीच घालू नका.

आणि भाऊ, बिलांच्या पाठीही स्कॅन करा. माझ्या संग्रहातल्या एका बिलामागे मिस्तरींनी पेन्सिलीने कार्बोरेटरच्या जेटचं (पेट्रोल जायच्या बारीक छिद्राचं) माप लिहून ठेवलंय, बोटाच्या ग्रीसच्या ठशासकट. ते बिलाच्या पुढच्या बाजूला कुठेच नाही.